‘ऑलिंपियास’ : प्राचीन लढाऊ नौकेची पुनर्रचना आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने बंड करून उठलेल्या मिटिलिनी नगरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव संमत केला. तो कळवण्यासाठी एक नौका तातडीने लेस्बॉस बेटाकडे रवाना झाली. दुसऱ्या दिवशी सभेला आपल्या निर्णयाचे क्रौर्य जाणवले, ठराव फिरवण्यात आला आणि दुसरी नौका पाठवण्यात आली. तोपर्यंत पहिलीने सुमारे एक दिवस व एक रात्र एवढी आघाडी घेतली होती. दुसऱ्या नौकेवरील माणसांनी मद्य व तेल यांत कालवलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारता खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली आणि प्रवास कोठेही थांबवला नाही, असे थ्युसिडिडीज हा इतिहासकार सांगतो. सेनापती पाकेस मूळ ठराव वाचून त्याची अंमलबजावणी करण्याच्या बेतात असतानाच ही नौका बंदरात शिरली. नगर वाचले.

पायरिअस बंदरापासून मिटिलिनीपर्यंतचे अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. केवळ मानवी बाहुबळावर चालणारी लाकडी नौका एवढे अंतर अहोरात्र वल्हवत खरोखरच पार करू शकते काय? थ्युसिडिडीजची विश्वासार्हता, अथेन्सच्या आरमाराचे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्यावर उभा असलेला साम्राज्याचा डोलारा यांविषयीची अनेक विधाने या एका तांत्रिक प्रश्नापाशी येऊन ठेपतात. या नौकेला ग्रीक भाषेत ‘त्रिएरेस’ म्हणत. आधुनिक ग्रंथांत ती ‘ट्रायरीम’ या नावाने ओळखली जाते. इ.स.पू. ४८० मधील सलामिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव केला तो मुख्यतः या नौकांनी. एका नौकेवर १७० वल्हेकरी असत. अथेन्समध्ये त्यांतील मोठा हिस्सा मालमत्ता नसलेल्या, परंतु मताधिकार असलेल्या नागरिकांचा होता. वल्हे ओढणाऱ्या हातांनी नगराला सत्ता मिळवून दिली, म्हणून सभेतही त्या हातांना मान द्यावा लागतो, अशी कुरकुर तत्कालीन एका अभिजनवादी लेखकाने केलेली आढळते. ट्रायरीम कशी चालत असे, हा प्रश्न त्यामुळे केवळ नौकाबांधणीच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही.

अशी एक नौका १९८५ ते १९८७ या काळात ग्रीसमध्ये प्रत्यक्ष बांधण्यात आली आणि ‘ऑलिंपियास’ या नावाने ग्रीक नौदलात दाखल करण्यात आली. या नौकेच्या बांधणीमागील पुरावे, तिच्या समुद्रावरील चाचण्या आणि त्यांतून पुढे आलेला एक महत्त्वाचा दोष यांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

विखुरलेले पुरावे

पहिली अडचण अशी की, ट्रायरीमचा एकही सांगाडा आजवर समुद्रतळाशी सापडलेला नाही. भूमध्य समुद्रात प्राचीन व्यापारी नौकांचे अवशेष बरेच मिळाले आहेत. त्या जड मालासह बुडाल्या आणि मालाखाली दबलेले त्यांचे लाकूड गाळात टिकून राहिले. ट्रायरीम ही वजनाने हलकी, मालरहित नौका होती. तळ फुटून ती पाण्याने भरली तरी लाकडाच्या तरंगण्याच्या गुणामुळे पृष्ठभागाजवळ अर्धवट बुडालेल्या स्थितीत राही. लढाईनंतर विजयी पक्ष अशी फुटकी धुडे ओढून नेत असल्याचे उल्लेख ग्रीक इतिहासग्रंथांत वारंवार येतात. भाषांतरांतून ज्या नौका ‘बुडाल्या’ असे आपण वाचतो, त्यांतील बहुतेक बुडाल्याच नव्हत्या. त्या निकामी झाल्या होत्या.

त्यामुळे अभ्यासकांना निरनिराळ्या प्रकारच्या तुटक साधनांवर विसंबावे लागले. पायरिअस येथील झिआ बंदरात १८८५ मध्ये उत्खनित झालेली नौकागृहे हे त्यांतील सर्वात भक्कम साधन होय. नौका किनाऱ्यावर ओढून ज्या छपरांखाली ठेवल्या जात, त्यांची कोरड्या भागातील लांबी सुमारे ३७ मीटर आणि दोन स्तंभरांगांमधील रुंदी सहा मीटरांहून किंचित कमी भरते. जी वस्तू ज्या घरात मावते, ती त्या घराहून मोठी असू शकत नाही, एवढे तरी निश्चित झाले. त्याच बंदरातील आरमारी गोदामांच्या नोंदी शिलालेखांच्या रूपाने उपलब्ध असून वल्ह्यांची संख्या व लांबी त्यांतून कळते. वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४ आणि खालच्या रांगेत ५४ अशी ती विभागणी आहे. अक्रोपोलिसवर १८५२ मध्ये सापडलेल्या व लेनोर्मां यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पखंडात नौकेचा मधला भाग कोरलेला आहे. परंतु त्यात केवळ वरच्या रांगेतील वल्हेकरी दिसतात; बाकीच्या रेषा म्हणजे वल्ही की लाकडी पट्ट्या, यावर वाद होत राहिला.

वाङ्मयीन साधने याहून रंजक आहेत. एका इराणी सरदाराने एका नौकेच्या कप्तानाला शिक्षा म्हणून वल्ह्याच्या भोकातून डोके बाहेर व धड आत अशा अवस्थेत बांधून ठेवल्याची हकीकत हिरोडोटस देतो. नौकाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने या हकीकतीचा अर्थ एवढाच की, खालच्या रांगेतील भोक माणसाचे डोके जाईल इतके मोठे होते. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ या प्रहसनात खालच्या रांगेतील वल्हेकऱ्याच्या तोंडाशी वरच्याचे बूड येत असल्याचा एक ग्राम्य विनोद आहे. बैठकव्यवस्थेविषयी इतका स्पष्ट पुरावा गंभीर ग्रंथांतून मिळत नाही. सर्वात निर्णायक ठरला तो थ्युसिडिडीजचा एक ओझरता उल्लेख. इ.स.पू. ४२९ मध्ये पायरिअसवर अचानक हल्ला करण्यासाठी पेलोपोनेशियन वल्हेकरी कॉरिंथहून मेगाराच्या बंदराकडे पायी निघाले, तेव्हा प्रत्येकाने आपले वल्हे, आपली बैठकीची गादी व वल्हे बांधण्याचा चामडी पट्टा बरोबर घेतला होता. याचा अर्थ एका माणसाकडे एक वल्हे होते आणि ते एकट्याला वाहून नेता येण्याजोगे होते.

या उल्लेखाचे महत्त्व समजण्यासाठी जुना वाद ध्यानात घ्यावा लागतो. एकावर एक अशा तीन पातळ्यांवर बसून वल्ही मारणे शक्यच नाही. वल्ही एकमेकांत अडकतील, असे अनेक अभ्यासकांचे मत होते. ‘त्रि’ हा शब्द पातळ्यांचा निदर्शक नसून एका वल्ह्यावरील तीन माणसांचा किंवा एका बाकावरील तीन वल्ह्यांचा असावा, असे ते म्हणत. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने १८६१ मध्ये अशी एक नौका सेन नदीवर बांधून घेतली होती. ती तरंगली, पण समाधानकारक रीतीने वल्हवता आली नाही. या अपयशामुळे तीन पातळ्यांच्या कल्पनेवरील अविश्वास अधिकच दृढ झाला. वस्तुतः एक वाईट प्रयोग फसला म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही. परंतु विद्वत्तेच्या क्षेत्रातही अशा गोष्टी दीर्घकाळ परिणाम करतात.

आराखड्यापासून बांधणीपर्यंत

केंब्रिजचे अभिजात भाषांचे विद्वान जॉन मॉरिसन यांनी १९४१ पासून या प्रश्नावर लेखन केले होते. ग्रंथांतील व शिल्पांतील पुराव्यांचा मेळ तीन पातळ्या व प्रत्येकी एक वल्हे याच रचनेशी बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकात ट्रायरीमच्या वेगाविषयी दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यातून हा विषय विद्यापीठांच्या बाहेर पडला. पुढे ब्रिटनच्या संरक्षण खात्यातील नौकास्थापत्याचे ज्येष्ठ तज्ज्ञ जॉन कोट्स मॉरिसन यांना येऊन मिळाले. बँकर व लेखक फ्रँक वेल्श यांच्या पुढाकाराने ट्रायरीम ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली आणि बांधणीचा मुख्य भार ग्रीक नौदलाने उचलला. ग्रीक वाक्यरचना जाणणारा एक आणि पाण्याचा दाब जाणणारा दुसरा, अशा दोन वृद्ध गृहस्थांचा हा सहयोग आंतरविद्याशाखीय संशोधनाचा खरा नमुना होय. या संज्ञेचा अलीकडे जो सैल वापर होतो, त्याच्याशी तो ताडून पाहण्यासारखा आहे.

कोट्स यांनी तयार केलेल्या आराखड्यानुसार नौकेची लांबी सुमारे ३७ मीटर, रुंदी साडेपाच मीटर आणि पाण्याखालील खोली अवघी सव्वा मीटर होती. बांधणीची पद्धत आजच्या लाकडी नौकांच्या उलट होती. आपल्याकडील किनाऱ्यावर आज सामान्यतः आधी आतील फासळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकतात. प्राचीन भूमध्य सागरी परंपरेत आधी फळ्यांचे कवच तयार होई व फासळ्या नंतर बसवल्या जात. फळीच्या कडेला खाच पाडून तीत कठीण लाकडाचे कुसू बसवायचे, दुसरी फळी त्यावर चढवायची आणि दोहोंतून आरपार खुंटी ठोकून सांधा कायम करायचा, अशी ती रीत होती. सायप्रसमधील किरेनिया येथे सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकातील व्यापारी नौकेच्या अवशेषांवरून ती तपशिलाने माहीत झाली होती. ‘ऑलिंपियास’साठी असे हजारो सांधे करावे लागले. फळ्यांसाठी डग्लस फर, कुसवांसाठी ओक आणि कण्यासाठी इरोको हे आफ्रिकी कठीण लाकूड वापरण्यात आले. पुढच्या टोकावर सुमारे २०० किलो वजनाची कांस्याची चोच बसवण्यात आली. हीच त्या नौकेचे मुख्य शस्त्र. शत्रूच्या कुशीत ती घुसवायची आणि झटकन मागे सरायचे, हे सारे युद्धतंत्र वल्हेकऱ्यांच्या एकतानतेवर अवलंबून होते.

एका ठिकाणी मात्र तडजोड झाली. एवढी लांब व सडपातळ नौका लाटेच्या माथ्यावर आली की तिची दोन्ही टोके खाली वाकू पाहतात. हे टाळण्यासाठी प्राचीन काळी आत पुढून मागेपर्यंत जाड दोर ताणून बांधत. ‘ऑलिंपियास’मध्ये त्याऐवजी पोलादी तार वापरण्यात आली. वनस्पतिजन्य दोर ताणला तरी बराचसा सारखा ओढत राहतो. पोलादी तारेतील ताण मात्र नौका वाकेल तसा वेगाने कमीअधिक होई आणि तार तुटून माणसे जखमी होण्याची भीती निर्माण झाली. आधुनिक साहित्य नेहमीच अधिक सुरक्षित असते, ही समजूत येथे फसली.

समुद्रावरील चाचणी

१९८७, १९८८, १९९०, १९९२ आणि १९९४ या वर्षांच्या उन्हाळ्यांत चाचण्या झाल्या. वल्हेकरी स्वयंसेवक होते. त्यांत स्त्रियाही होत्या आणि अनेकांना समुद्रावर वल्हवण्याचा अनुभव नव्हता. तरीही नौकेने अल्पकाळ ९ नॉटपर्यंत वेग गाठला आणि स्वतःच्या लांबीच्या अडीचपट वर्तुळात एका मिनिटाच्या आत ती उलट दिशेला वळली. तीन पातळ्यांवरील १७० वल्ही एकमेकांत न अडकता चालू शकतात, हे सिद्ध झाले. शंभराहून अधिक वर्षांचा वाद कागदावर मिटला नव्हता. तो पाण्यावर बहुतांशी निकालात निघाला.

ज्या गोष्टी कोणत्याही ग्रंथात नव्हत्या त्याही चाचण्यांतून कळल्या. सुकाणूजवळून दिलेली आज्ञा सर्व वल्हेकऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. दाटीने बसलेली शरीरेच आवाज शोषून घेत. प्राचीन नौकांवर ताल देण्यासाठी बासरीसदृश वाद्य वाजवणारा असे, परंतु त्याचाही सूर खालच्या पातळीवर विरून जाई. सर्वांनी मिळून गुणगुणण्याचा उपाय करून पाहण्यात आला, तो अधिक परिणामकारक वाटला. उन्हात वल्हवणाऱ्या माणसाला तासाला सुमारे एक लिटर पाणी लागते, असे दिसून आले. १७० माणसांच्या दहा तासांच्या श्रमांसाठी १७०० लिटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टन पाणी झाले. एवढे पाणी या हलक्या नौकेत साठवून फार दूर जाता येणार नाही. ट्रायरीमचे आरमार किनारा धरून का चाले आणि जेवणासाठी व मुक्कामासाठी जमिनीवर का उतरे, याचे उत्तर रणनीतीत शोधले जात होते. त्याचा मोठा भाग तहानेत होता. घामाने तळाशी इतकी दुर्गंधी साचे की दर चार दिवसांनी समुद्राच्या पाण्याने नौका धुवावी लागे.

परंतु एक आकडा जुळत नव्हता. बायझँटियमपासून हेराक्लिआपर्यंतचा प्रवास ट्रायरीमला वल्ह्यांच्या बळावर एक मोठा दिवस घेतो, असे झेनोफन लिहितो. हे अंतर सुमारे १२९ सागरी मैल आहे; म्हणजे सलग सात ते आठ नॉटचा वेग हवा. ‘ऑलिंपियास’चा दीर्घ पल्ल्याचा वेग याहून बराच कमी राहिला. पहिल्या वर्षीची वल्ही जड होती, ती पुढे हलकी करण्यात आली, वल्हेकरी सरावले, तरीही अपेक्षित वेग टिकेना. झेनोफनने अतिशयोक्ती केली, असे म्हणून विषय संपवणे सोपे होते. चाचणी करणाऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी आपल्याच नौकेकडे संशयाने पाहिले, आणि या प्रकल्पाचे खरे मोल येथे आहे.

दोन हातांचा प्रश्न

वल्हेकऱ्यांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच होती : जागा पुरत नाही. वल्ह्याचा पूर्ण ओढा घेण्यासाठी शरीर पुढे झुकवावे लागते. तसे करताना हात पुढच्या माणसाच्या पाठीला लागत आणि खालच्या रांगेतील उंच माणसे आडव्या तुळयांवर आपटत. ओढा आखूड झाला की तेवढ्याच श्रमात वेग कमी मिळतो. प्रारंभी दोष आधुनिक माणसाच्या उंचीला देण्यात आला. प्राचीन ग्रीक माणूस ठेंगणा होता, त्याला ही जागा पुरली असेल, असा तो युक्तिवाद होता.

दोन वल्हेकऱ्यांमधील अंतर रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याच्या ग्रंथातून घेण्यात आले होते. हे अंतर दोन क्युबिट असते, असे तो सांगतो. क्युबिट म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप. आपल्या जुन्या व्यवहारातील ‘हात’. मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही की, ‘हात’ हा शब्द सर्वत्र एक असला तरी त्याची लांबी सर्वत्र एक नसते. कोट्स यांनी अथेन्सशी निगडित मानलेला ४४.४ सेंटिमीटरचा क्युबिट धरला. त्यामुळे दोन वल्हेकऱ्यांमध्ये ८८.८ सेंटिमीटर अंतर आले. नौका पाण्यात उतरल्यानंतर, १९९० मध्ये, सलामिस बेटावरील एक शिल्पखंड अभ्यासकांपुढे आला. त्यावर हात, पाऊल, पंजा अशी प्रमाण मापे कोरलेली आहेत आणि त्यातील क्युबिट सुमारे ४९ सेंटिमीटर भरतो. हे माप धरले तर दोन वल्हेकऱ्यांमधील अंतर ९८ सेंटिमीटर होते.

नऊ सेंटिमीटरचा हा फरक, पण वरच्या रांगेत एका बाजूस ३१ माणसे असल्याने नौकेची लांबी जवळपास पावणेतीन मीटरने वाढते. मग ती झिआच्या नौकागृहात मावेल काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. समुद्राची पातळी प्राचीन काळापेक्षा वर आली असून त्या गृहांची समुद्राकडील टोके आज पाण्याखाली आहेत. त्यामुळे मूळ लांबी अधिक असणे अशक्य नाही. एका शिलाखंडावरील मापामुळे अशा रीतीने नौकेचा आराखडा, बंदराचे उत्खनन आणि झेनोफनचे विधान या तिन्हींचा फेरविचार आवश्यक झाला. वल्हेकऱ्यांची पाठ आणि कोपरे जे सांगत होती, ते ऐकून घेण्यास विद्वानांना तीन वर्षे लागली, अशी टीका यावर करता येईल. पण पाठ आणि कोपरे पुरावा म्हणून मांडण्याची सोयच त्यापूर्वी नव्हती, हेही तितकेच खरे.

कोट्स यांनी त्यानंतर सुधारित आराखडा तयार केला. त्यात अंतर ९८ सेंटिमीटर धरले असून ओढा अधिक लांब घेता यावा म्हणून बैठका किंचित तिरप्या केल्या आहेत.

प्रतिकृती की पुनर्रचना?

मराठीत अशा नौकांना सर्रास ‘प्रतिकृती’ म्हटले जाते. प्रतिकृतीला मूळ कृती असावी लागते. येथे तर मूळ कृतीच नाही. १९९५ मध्ये कोट्स, शॉन मॅकग्रेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायोगिक नौका-पुरातत्त्वाची तत्त्वे मांडताना हा भेद स्पष्ट केला. अवशेषांवरून बांधलेली नौका आणि चित्रे, मापे व ग्रंथ यांवरून गृहीत धरून बांधलेली नौका यांचे प्रामाण्य एकसारखे नसते. दुसऱ्या प्रकारची नौका हे तरंगणारे गृहीतक असते. ती चालली तर ‘असे असू शकेल’ एवढेच सिद्ध होते. ‘असेच होते’ हे नव्हे.

हाच भेद अलीकडच्या एका भारतीय प्रयोगालाही लागू पडतो. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील नौकाचित्रावरून गोव्यात बांधण्यात आलेली ‘कौंडिण्य’ ही काथ्याने शिवलेली शिडाची नौका मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली आणि पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. ती लढाऊ नौका नव्हे; पण तिच्यापुढील अडचण तीच होती. भिंतीवरील चित्राला लांबी, रुंदी व खोली नसते. त्यामुळे तिच्या आकाराची जलगतिकीय चाचणी मद्रासच्या आय.आय.टी.त करावी लागली. तिचा प्रवास यशस्वी झाला म्हणून अजिंठ्याच्या चित्रकाराने पाहिलेली नौका नेमकी अशीच होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

‘ऑलिंपियास’बाबत ही घाई झालेली दिसते. अ‍ॅलेक टिली यांच्यासारख्या टीकाकारांनी लेनोर्मां शिल्पाचा वेगळा अर्थ लावून तीन पातळ्यांनाच हरकत घेतली. त्यांचे मत फारसे स्वीकारले गेले नाही. परंतु अधिक गंभीर बाब निराळी आहे. पाठ्यपुस्तकांतील, माहितीपटांतील आणि संग्रहालयांतील ट्रायरीमचे चित्र आता बहुधा ‘ऑलिंपियास’वरून काढले जाते. पुराव्यावरून नौका झाली आणि नौकाच पुरावा होऊन बसली, तिच्यातील ८८.८ सेंटिमीटरचा दोषही त्या चित्रांबरोबर वर्गावर्गांत पोहोचतो.

प्रयोगशास्त्रात सदोष प्रयोग दुरुस्त करून पुन्हा करतात. येथे तसे घडले नाही. पहिल्या नौकेला राष्ट्रीय अभिमानाचे पाठबळ मिळाले. लोकशाहीच्या अडीच हजार वर्षांच्या स्मरणार्थ १९९३ मध्ये ती लंडनला नेण्यात आली आणि २००४ च्या ऑलिंपिकपूर्वी तिने ऑलिंपिक ज्योत पायरिअसला वाहून नेली. नऊ सेंटिमीटर दुरुस्त करण्यासाठी दुसरी नौका बांधण्यास मात्र कोणीही निधी दिला नाही. मॉरिसन यांचे २००० मध्ये आणि कोट्स यांचे २०१० मध्ये निधन झाले. ‘ऑलिंपियास’ अथेन्सजवळील पालेओ फालिरो येथील नौदल परंपरा उद्यानात कोरड्या गोदीत ठेवण्यात आली असून सुधारित नौका अद्याप आराखड्यातच आहे.